कार्डावर ६/६ आहे, तरी मुलगी ओळ का चुकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, मराठी माध्यमात. तोंडी विचारलं की सगळं येतं, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पुस्तक हातात दिलं की मात्र दहा मिनिटांत जांभया, डोळे चोळणं, बोट ठेवून वाचणं आणि तरीही ओळ चुकणं. फळ्यावरचं उतरवताना शब्द गळतात. संध्याकाळी कपाळ दुखतं. शाळेतल्या नेत्रतपासणीत दोन्ही डोळे ६/६ निघाले आणि ‘चष्म्याची गरज नाही’ असं कार्डावर लिहून आलं. वर्गशिक्षिका म्हणतात लक्ष नसतं, आजी म्हणते मोबाइलमुळे झालं, आणि ओळखीतल्या कुणीतरी डोळ्यांच्या व्यायामाचं तीस सेशनचं पॅकेज आणि रंगीत काचांचा चष्मा सुचवला आहे. आईचा प्रश्न: हा दोष डोळ्यांचा की अभ्यासाचा, आणि आधी जाऊ कुठे? शिवाय ट्यूशन लावू का?

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, दोन्ही डोळ्यांचा मेळ मोजणं हे माझं काम. औषधं आणि ऑपरेशन डॉक्टरांचं. लहान मुलांच्या ओपीडीत बरीच वर्षं गेली आहेत, आणि असंच कार्ड हातात धरून आलेले पालक मला सतत भेटतात. मुलीला समोर बसवल्याशिवाय निदान सांगता येणार नाही. पण शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा आणि तोच क्रम का, हे सांगता येईल.

आधी त्या कार्डाबद्दल. ६/६ म्हणजे सहा मीटरवरून चांगल्या नजरेला जेवढं बारीक अक्षर ओळखता यायला हवं, तेवढं तिने ओळखलं. हा तक्ता नेदरलँड्समधल्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ मध्ये आणला आणि आजही तोच चालतो, कारण नेमलेलं काम तो चोख करतो. पण ते काम एवढंच: दूरचं, ठळक काळं अक्षर, दोन-तीन सेकंद. अभ्यासाला बसलेल्या मुलीला वीतभर अंतरावरचा धडा अर्धा तास वाचायचा असतो. ओळ संपली की दोन्ही डोळे नेमके पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणायचे असतात. फळा-वही, वही-फळा अशी नजर शंभरदा हलवायची असते. यातलं काहीच त्या तक्त्यावर मोजलं जात नाही. तिची तक्रार जवळच्या कामाची आहे आणि तपासणी झाली आहे दूरची.

म्हणून शाळेच्या तपासणीला नावं ठेवायची असं नाही. मुलांची आरोग्यतपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि त्याच्या पथकांमुळे मायनस नंबरची कितीतरी मुलं सापडतात, जी एरवी फळा न दिसताच पुढच्या पुढच्या वर्गात गेली असती. पण शाळेतली तपासणी कशी होते तेही डोळ्यांसमोर आणा. व्हरांड्यात रांग, मागे उभ्या पोरांचा तक्ता ऐकून ऐकून पाठ, आणि ‘एक डोळा झाक’ म्हटल्यावर बोटांच्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी बघणं. मुलं हे लबाडीने करत नाहीत. बरोबर उत्तर द्यायचं एवढंच त्यांना कळतं. तेव्हा ‘६/६’ याचा अर्थ ‘मोठा मायनस नंबर बहुधा नाही’ असा घ्या, त्याहून जास्त नको.

आता तुमच्या वर्णनावरून माझ्या मनात पहिली येणारी शंका: लपलेला प्लस नंबर.

मायनस नंबर लपत नाही. दूरचं दिसत नाही, मूल टीव्हीजवळ सरकतं, डोळे बारीक करतं, कुणाच्या तरी लक्षात येतं. प्लसचं उलटं आहे. डोळ्यातलं भिंग लहान वयात मऊ असतं आणि स्नायूंनी जोर लावला की ते फुगून आपली ताकद वाढवतं. आठव्या वर्षी ही वाढीव ताकद साधारण १३ डायऑप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) किंवा जास्तच असते. समजा मुलीला +३ नंबर आहे. दूरचा तक्ता वाचताना ती नकळत तीनचा जोर लावते आणि सगळं स्पष्ट वाचते. ६/६! आता पुस्तक २५ सेंटिमीटरवर धरलं की त्या अंतरासाठी आणखी चार लागतात. म्हणजे शेजारची मुलगी चारच्या जोरावर वाचते, तेच वाचायला हिला सात. रिकाम्या हाताने जिना चढणं आणि कडेवर भरलेली कळशी घेऊन चढणं, एवढा तो फरक. एक मजला दोघीही चढतात, म्हणून पहिली पाच मिनिटं वाचन छान होतं. मग कपाळ दुखतं, डोळे चोळले जातात, अक्षर एकदा स्पष्ट आणि एकदा पुसट होतं, आणि मूल अतिशय शहाणपणाने पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघायला लागतं. यालाच वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणतात.

ती तक्रार का करत नाही, हे पालक नेहमी विचारतात. कारण तिला दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी कधी बघायला मिळालेलं नाही. अक्षरं थोड्या वेळाने पुसट होतात, हे सगळ्यांचंच होत असणार असं ती धरून चालते. मी मुलांना ‘नीट दिसतं का’ असं कधीच विचारत नाही. उत्तर ‘हो’च येतं. ‘वाचता वाचता अक्षरं काय काय करतात?’ असं विचारते. मग ‘हलतात’, ‘एकावर एक चढतात’, ‘जाड होतात’ अशी खरी माहिती बाहेर पडते. आज रात्री तुम्हीही असंच विचारून बघा, आणि उत्तर आलं की चेहऱ्यावर काळजी दाखवू नका, नाहीतर ती पुढचं सांगायचं थांबेल.

हा लपलेला नंबर बाहेर काढायचा एकच भरवशाचा मार्ग आहे: भिंगाचा जोर काही तासांपुरता ढिला करणारे थेंब घालून केलेली तपासणी. आमच्याकडे बहुतेक सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिनचे थेंब वापरतात. फार लहान किंवा तिरळं बघणाऱ्या मुलांना डॉक्टर कधी घरी तीन दिवस अॅट्रोपिनचं मलम लावायला देतात. बाहुली मोठी झाली की रेटिनोस्कोप नावाच्या छोट्या दिव्याने मुलीला एक शब्दही न विचारता नंबर काढता येतो. चष्म्याच्या दुकानातल्या ‘कॉम्प्युटर तपासणी’वर इथे विसंबू नका. त्या यंत्रात डोकावताना मुलं हमखास जोर लावतात आणि प्लस नंबरच्या मुलाचाही कागदावर मायनस छापून येऊ शकतो. आधीच जोर लावून दमलेल्या डोळ्यांवर मायनसची काच चढवलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. डोकं दुखायचं थांबण्याऐवजी वाढलेलं असतं.

थेंब थोडे झोंबतात. नंतर जवळचं पुसट दिसतं आणि उजेड सोसत नाही. साध्या थेंबांचा असर साधारण दिवसभर, होमॅट्रोपिनचा कधी दोन-तीन दिवसही राहतो, अॅट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडेही. म्हणून शनिवार गाठा, परीक्षेच्या आठवड्यात नको, आणि जाताना टोपी न्या. चेहरा फार लाल झाला, अंग तापलं किंवा मूल असंबद्ध बोलायला लागलं तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं. हे क्वचित होतं, पण माहीत असलेलं बरं.

प्लस नंबर निघाला म्हणजे चष्मा लागलाच असंही नाही, आणि इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. आठव्या वर्षी +१ च्या आसपास नंबर असणं हा दोष नाही. अनेक मुलांना तो असतो आणि त्याच्यासाठी मी चष्मा सुचवत नाही. +३ किंवा जास्त असेल, किंवा कमी असूनही डोकं दुखत असेल, एखादा डोळा आत वळत असेल, दोन डोळ्यांत फरक असेल, तर चष्मा हवाच. मधल्या नंबरांबाबत दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मतं देतील आणि दोघांचीही बाजू बरोबर असू शकते. त्यातून घाबरून तिसरा डॉक्टर शोधू नका. तिच्या तक्रारी किती आहेत हे त्यांना नीट सांगा, त्यावरच निर्णय झुकतो.

दुसरी शक्यता दोन डोळ्यांतल्या फरकाची. एक डोळा चांगला, दुसऱ्याला मोठा प्लस किंवा सिलिंड्रिकल (म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने येणारा) नंबर. चांगला डोळा सगळं निभावून नेतो, मेंदू पुसट डोळ्याकडून येणारं चित्र घ्यायचं बंद करतो, आणि तो डोळा रचनेने निरोगी असूनही ‘आळशी’ होतो. बाहेरून काहीही दिसत नाही, डोळा तिरळा नसतो. तुमच्या मुलीच्या कार्डावर दोन्हीकडे ६/६ आहे, तेव्हा ही शक्यता कमी. पण बोटांच्या फटीचा मुद्दा आठवा. घरी बघता येतं. एका डोळ्यावर स्वच्छ रुमालाची घडी ठेवून वर कागदी चिकटपट्टी लावा, हात नको, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगा. मग दुसरा डोळा, वेगळं पान. एका डोळ्यावर पट्टी लावताना काही नाही, पण दुसऱ्यावर लावताच ती चिडली, पट्टी ओढायला लागली किंवा मान वाकडी करून बघायला लागली, तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

आळशी डोळ्याचा त्रास पुस्तकापेक्षा घरात आणि अंगणात जास्त जाणवतो, कारण खोलीचा अंदाज येण्यासाठी दोन्ही डोळे लागतात. पाणी पेल्याच्या कडेवर ओतलं जातं, बॅडमिंटनचं फूल रॅकेटच्या वरून जातं, लगोरीत चेंडू झेलता येत नाही, जिन्याची शेवटची पायरी चाचपडत उतरली जाते. घरी त्याला ‘धांदरट’ हे नाव पडतं. अर्थात जन्मापासून एकाच डोळ्यावर चालणारी मुलं इतकी सरावतात की हेही दिसत नाही, आणि दुसरीकडे सगळी धांदरट मुलं डोळ्यांमुळे धांदरट नसतात.

‘आता आठ वर्षं झाली, उशीर झाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लवकर केलेलं बरं हे खरंच. पण अमेरिकेत सात ते सतरा वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की सात ते बारा वयोगटात चष्म्याबरोबर चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि त्याच डोळ्यात नजर पुसट करणारे थेंब दिल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची नजर लक्षणीय सुधारली. नुसत्या चष्म्याने साधारण पाव मुलांची. त्याच संशोधकांनी लहान मुलांवर त्याआधी केलेल्या अभ्यासात मध्यम आळशी डोळ्यासाठी रोजची दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरली होती. त्यामुळे शाळेत पट्टी लावून पोरांची चेष्टा सोसायची गरज बहुतेकदा नसते. संध्याकाळी घरी, चित्र रंगवताना लावली तरी चालते. किती तास, हे मात्र डॉक्टर ठरवतील.

तिसरी शक्यता, आणि ओळ चुकणं हे लक्षण असेल तर मी ही नेहमी तपासते: जवळ बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत. पुस्तकावर नजर ठेवायची तर दोन्ही डोळ्यांना नाकाकडे वळून तिथे टिकून राहावं लागतं. काहींचे डोळे वळतात पण टिकत नाहीत. एक हळूच बाहेर सरकतो, अक्षरं दुहेरी होतात किंवा पोहायला लागतात, आणि मूल एक डोळा झाकून किंवा डोकं हातावर आडवं टेकवून वाचायला लागतं. आडवं डोकं म्हटलं की मोठी माणसं ‘नीट बस’ म्हणतात. तिने ती युक्ती का शोधली, ते बघा. पेनाचं टोक तिच्या समोरून हळूहळू नाकाकडे न्या. साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत दोन्ही डोळे टोकावर टिकायला हवेत. त्याच्या बऱ्याच आधी एक डोळा सुटून बाहेर गेला, आणि दोन-तीनदा केल्यावर आणखी लांबून सुटायला लागला, तर तपासणीत हे आवर्जून सांगा. मात्र क्रम लक्षात ठेवा: आधी थेंब घालून नंबर, मग हे. कधी कधी नंबर दुरुस्त झाला की डोळ्यांचा मेळही आपोआप बसतो.

आता त्या तीस सेशनच्या पॅकेजबद्दल. व्यायाम हा प्रकार खोटा नाही. डोळे आत वळत नसल्याच्या याच एका दोषावर अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांचा अभ्यास झाला, २००८ मध्ये त्याचे निकाल आले. क्लिनिकमध्ये बारा आठवडे पद्धतशीर व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसतं पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम केलेल्यांत ४३ टक्के, आणि लुटुपुटूचे, म्हणजे नुसते दिसायला खऱ्यासारखे, व्यायाम दिलेल्यांत ३५. म्हणजे योग्य दोषावर योग्य व्यायाम उपयोगी. पण त्यानंतर, २०१९ मध्ये, त्याच संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: यामुळे वाचून समजणं सुधारतं का? डोळ्यांचा मेळ सुधारला. वाचनाच्या आकलनात लुटुपुटूच्या व्यायामांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून ‘व्यायामाने अभ्यासात प्रगती होईल’ असं आश्वासन देऊन जो पॅकेज विकतो, त्याला दोन गोष्टी विचारा. मुलीच्या डोळ्यांत नेमका कोणता दोष मोजला, आणि त्याचं माप किती? आकडे लिहून मिळाले नाहीत तर पैसे देऊ नका. रंगीत काचांबद्दल माझं मत याहून स्पष्ट आहे: नको. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं आहे, की वाचन-अक्षमतेचं मूळ डोळ्यांत नसतं आणि रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम हा तिचा उपचार नाही.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग येतो. दोष डोळ्यांचा नसेल तर?

मी डोळे तपासत असले तरी हे मान्य करायला हवं, की वाचनात अडखळणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांत काहीच सापडत नाही. वाचताना डोळे चित्र आणून देतात. त्या चित्राचा आवाजाशी सांधा जोडण्याचं काम मेंदू करतो, आणि डिस्लेक्सियात, म्हणजे वाचन-अक्षमतेत, अडचण त्या सांध्यात असते. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, आणि हे मी पुष्कळदा पाहते.

देवनागरीत हा फरक चाचपायला काही सोय आहे. आपली बारीक चिन्हं अक्षराच्या वर-खाली बसतात: अनुस्वार, रफार, उकार, अर्धचंद्र. छोट्या टाइपात ‘पंख’चा ‘पख’ झाला किंवा ‘सर्प’मधला रफार दिसलाच नाही, तर नजरेचा संशय घ्यायला जागा आहे. एक धडा झेरॉक्सच्या दुकानात दुप्पट मोठा करून आणा. एक परिच्छेद मूळ आकारात, तशाच अवघडपणाचा दुसरा मोठ्या आकारात वाचून घ्या, तोही सकाळी ताज्या डोळ्यांनी आणि मग संध्याकाळी. मोठ्या अक्षरांत चुका झपाट्याने कमी होत असतील, सकाळ-संध्याकाळमध्ये ठळक फरक असेल, तर पारडं डोळ्यांकडे झुकतं. मोठ्या अक्षरांतही त्याच चुका, तशाच अडखळत, जोडाक्षर आलं की अंदाजाने भलताच शब्द, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि तोंडी खेळ खेळा: ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरलं? ‘सकाळ’ उलटं म्हण. ‘पाटी’ला जुळणारा शब्द सांग. यात डोळ्यांचा काही संबंध नाही. इथेही ती तिसरीच्या मानाने खूप अडखळत असेल, तर वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्यायलाच हवी.

या घरगुती खेळांनी निदान होत नाही. डिस्लेक्सियाची मुलंही वाचून दमतात आणि त्यांनाही संध्याकाळी जड जातं. शिवाय तिसरीतल्या मुलीने अनुस्वार गाळणं हे नुसत्या कमी सरावानेही होतं. दाखवायला जाताना काय सांगायचं, हे कळावं म्हणून हे करा.

अध्ययन-अक्षमतेची तपासणी साधारण याच वयात, सात-आठ पूर्ण झाल्यावर, नीट करता येते. तेव्हा तुमचं काही हुकलेलं नाही. मुंबईत सायन रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत यासाठी वेगळं क्लिनिक आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा, तिथे नेत्रतपासणी, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच छताखाली असावेत अशी योजना आहे. प्रत्यक्षात कोण नेमलेलं आहे हे फोन करून आधी विचारा. विशिष्ट अध्ययन-अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती त्यावरून मिळतात. मात्र त्या तपासणीच्या आधी नजर आणि ऐकणं ठीक असल्याचा कागद लागतो, तो बहुतेक ठिकाणी मागतात. म्हणून आधी कुठे जायचं याचं उत्तर सोपं आहे: आधी डोळे, थेंब घालून. मग कान. मग गरज पडली तर अध्ययन-अक्षमता. डोळ्यांसाठी लहान मुलांचे डोळे बघणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम; नाहीतर जवळच्या मेडिकल कॉलेजची किंवा जिल्हा रुग्णालयाची नेत्र ओपीडी.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, पण त्या विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली होती का, काचेत ठेवली होती का? अशा मुलांत नंबर आणि तिरळेपणा जास्त आढळतो. काहींचे डोळे निरोगी असतात पण मेंदूच्या दृष्टीच्या भागाला इजा झालेली असते. एकटं अक्षर ओळखतात, गर्दीतलं नाही; भरलेल्या कप्प्यात समोरची पेन्सिल सापडत नाही, गर्दीच्या लग्नात आई सापडत नाही. असं असेल तर जन्माची फाइल डॉक्टरांकडे न्या. डोळे चोळणं वर्षभर चालतं की उन्हाळ्यातच? अॅलर्जीने सतत चोळणाऱ्या मुलांत पुढे पारपटल, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, टोकदार होऊन सिलिंड्रिकल नंबर भराभर बदलू शकतो, तेव्हा चोळण्यावर औषध हवं, नुसती ‘हात काढ’ ही दटावणी नको. वाचता वाचता काही सेकंद ती एकदम गोठते, हाक मारली तरी ऐकत नाही आणि मग काही न झाल्यासारखी पुढे सुरू होते, असं दिसलं तर ते फिटचंही रूप असू शकतं. मोबाइलवर चित्रीकरण करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखून उलटी होत असेल, डोळा अचानक तिरळा झाला असेल, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक वारंवार दिसत असेल, तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रंगांधळेपणाचा उल्लेख एवढ्यापुरता, की तो मुलग्यांत कितीतरी जास्त असतो आणि तुमच्या वर्णनाशी जुळत नाही. घरात लहान भाऊ असेल आणि नकाशातल्या लाल-हिरव्यात घोळ घालत असेल तर त्याच खेपेला त्यालाही तपासून घ्या.

मोबाइलबद्दल आजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सतत जवळ बघण्याने आणि उन्हात न खेळण्याने मायनस नंबर वाढायला मदत होते, म्हणून रोज तास-दोन तास मोकळ्यावर सोडाच. पण प्लस नंबर मोबाइलने येत नाही; तो बहुतेकदा जन्मापासूनच असतो. शिवाय मोबाइलवर तिला त्रास होत नाही याचा अर्थ डोळे चांगले असाही नाही. तिथली चित्रं मोठी आणि हलती असतात, ओळ पकडावी लागत नाही.

शाळेला काय सांगायचं? निदान होईपर्यंत एवढंच: तिला पुढे बसवा आणि फळ्यावरचं राहिलेलं शेजारणीच्या वहीतून उतरवू द्या. ‘कामचुकार’ हा शब्द बंद करायला सांगा, तोही शांतपणे. साठ मुलांच्या वर्गात बाईंना एवढंच दिसतं की हिने लिहिलेलं नाही. एक सावधगिरी. पहिला बाक हा उपचार नाही. मायनसच्या मुलाला पुढे बसवलं की त्याला फळा दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. प्लसच्या मुलीला पुढे बसून पुस्तक काही सोपं होत नाही. तपासणी झाली की बाक बदलायला हरकत नाही.

चष्मा लागला तर पहिल्या आठवड्यासाठी तयार राहा. प्लसच्या चष्म्यात सुरुवातीला ‘लांबचं पुसट दिसतं, काढल्यावर चांगलं दिसतं’ असं ती नक्की म्हणेल, आणि ते खरं असेल. तिचा स्नायू जुन्या सवयीने अजून जोर लावतच असतो. चष्मा चुकला असं समजून कपाटात ठेवू नका, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा चष्मा, असं दोन-तीन आठवडे चालवा. तरीही तक्रार राहिली तर पुन्हा तपासून घ्या, कधी नंबर टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो. फ्रेम तिच्या नाकावर टिकणारी घ्या, वरून बघता येईल अशी घसरती नको, आणि काचा पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे चेंडू लागला तरी फुटून डोळ्यात जाणार नाहीत. चष्मा लावल्याने नंबर वाढतो किंवा गाजर खाऊन जातो, हे सांगणारे नातेवाईक भेटतीलच.

ट्यूशन सध्या लावू नका. दिवसभर दमलेल्या डोळ्यांपुढे संध्याकाळी आणखी एक तास पुस्तक धरण्यात काही हशील नाही. डोकेदुखी थांबली का, हे चष्म्यानंतर महिना-दीड महिन्यात कळेल. वाचनाचा वेग मात्र तेवढ्यात वाढणार नाही, त्याने निराश होऊ नका. वर्गातली मुलं पहिली-दुसरीत रोज वाचत होती तेव्हा ही पुस्तक मिटून बसत होती, तो सराव राहिलेला आहे. तो भरायचा तर तिसरीचं पुस्तक नको. पहिली-दुसरीची बालभारतीची पुस्तकं काढा, मोठा टाइप, छोटे धडे. रोज दहा मिनिटं, एक ओळ तुम्ही, एक ओळ ती, आणि डोकं दुखायच्या आधी थांबायचं. तीन महिन्यांनी, डोळे ठीक असूनही ‘कमळ’मधला ‘क’ काढता येत नसेल आणि वाचन जागचं हललं नसेल, तर अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीसाठी नाव नोंदवा. काही ठिकाणी तारीख उशिराची मिळते, म्हणून मनात शंका दाट असेल तर नाव आजच नोंदवलं तरी चालेल. नंतर लागलं नाही तर रद्द करता येतं.